ब्राझिलियन आणि पनामाचे स्थलांतरित: अमेरिकेत कोणाचं जास्त बरं चाललंय?

मीठभाकर
नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात असलेला प्रश्न विचारतेय. 2009 ते 2013 आम्ही ब्रुकलिनला राहायचो, क्राउन हाइट्समध्ये, फ्रँकलिन अव्हेन्यूपासून चालत पाच मिनिटांवर. घरमालकीणबाई पनामाच्या. आयुष्यभर नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. तीन मजली घर त्यांच्या नावावर, कर्ज फिटलेलं, पेन्शन दर महिन्याला खात्यात. मुलं शिकून जॉर्जियात स्थिरावलेली.

त्यानंतर आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेमिंगहॅमला आलो, ते आजतागायत इथेच. गावात जिकडे बघावं तिकडे पोर्तुगीज पाट्या. खालच्या मजल्यावर ब्राझीलचं जोडपं राहतं. ती तिकडे शाळेत शिक्षिका होती, इथे घरं साफ करते. तो रंगारी. सकाळी साडेसहाला गाडीत व्हॅक्यूम, बालदी आणि फडक्यांची पिशवी चढते ती आठवड्याचे सहा दिवस. दोघांची मिळून कमाई चांगली आहे, गावाकडे दुमजली घरही बांधलंय. पण मागच्या हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली, मनगट मोडलं आणि सहा आठवडे एक पैसा घरात आला नाही.

मुलीला शाळेत दोन स्थलांतरित समाजांची आर्थिक तुलना करायची आहे. मी तिला हेच दोन सुचवले. पण दोघांना शेजारी ठेवणारा तक्ता काही सापडेना. माझ्या मते पनामाचे लोक नक्कीच जास्त सुस्थितीत आहेत. पण का? दोन्हीकडचे लोक कष्टाळू, दोन्हीकडे शिक्षणाची कदर. जाणकारांनी लिहावं.

शून्यप्रहर
ब्राझील केवढा, पनामा केवढा! एक वीस कोटींच्या वरचा देश, दुसरा मुंबईत दोनदा मावेल एवढ्या वस्तीचा. तुलना कशाच्या जोरावर करायची?

हिशेबनीस
तक्ता का सापडत नाही ते सांगतो. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या व्याख्येत 'हिस्पॅनिक' म्हणजे स्पॅनिश वारशाचे लोक. पनामा त्यात येतो, ब्राझील येत नाही, कारण तिथली भाषा पोर्तुगीज. त्यामुळे हिस्पॅनिक गटांचे जे तक्ते निघतात त्यात पनामाची ओळ असते, ब्राझीलची नसते. एरवी एखाद्या ब्राझिलियनाने स्वतःला हिस्पॅनिक लिहिलं तरी खातं ते उत्तर बदलून टाकतं. 2020 च्या पाहणीत ही दुरुस्ती चुकून राहून गेली, आणि कमीत कमी 4 लाख 16 हजार ब्राझिलियन हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणून नोंदले गेले. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने ते उघडकीला आणलं. म्हणजे लोक स्वतःला एक समजतात आणि सरकार दुसरंच.

मुलीला सांगा, 'जन्मदेश' या रकान्यावरून आकडे काढ. तिथे दोन्ही देश सापडतील.

आणि एक धोक्याची सूचना. कुटुंबाचं उत्पन्न बघून फसू नका. एका घरात नवरा, बायको, मेहुणा आणि चुलतभाऊ असे चौघे कमावते असतील तर आकडा मोठा दिसतो. निवृत्त नर्सबाई एकट्या राहत असतील तर त्यांचा छोटा दिसेल. दोघांपैकी निवांत झोप कोणाला लागते, ते त्या आकड्यात नसतं.

टेक्सासची_सून
मी टेक्सासात किलीनजवळ राहते, फोर्ट हूड या लष्करी तळाच्या परिसरात. इथे पनामाच्या बायका पुष्कळ भेटतात आणि त्या मुख्यतः एकाच वाटेने आल्या: लग्न. पनामात 1999 अखेरपर्यंत अमेरिकेचे लष्करी तळ होते. सैनिकांनी तिथल्या मुलींशी लग्नं केली, बदली झाली की बायको बरोबर आली. म्हणून किलीन, नॉर्थ कॅरोलायनातलं फेएटव्हिल, जॉर्जियातलं कोलंबस अशा छावणीच्या गावांत पनामाची माणसं आहेत. पनामाच्या समाजात पुरुषांपेक्षा बायका जास्त, त्याचं हेही एक कारण.

अशा लग्नाचा अर्थ काय? पहिल्या दिवसापासून कागदपत्रं, लष्कराचा आरोग्य विमा, घरभत्ता, पुढे नवऱ्याची पेन्शन. माझ्या शेजारणीने याच आधारावर कॉलेज पूर्ण केलं आणि आता ती शाळेत नोकरी करते. हुशार आहेच ती, पण हुशारीला पाय ठेवायला पायरी मिळाली.

रानवारा
मीठभाकर, तुमच्या घरमालकीणबाईंचं आडनाव इंग्रजी धाटणीचं होतं का? आणि घरात इंग्रजी बोलायच्या का?

मीठभाकर
हो! दोन्ही प्रश्नांना हो. त्यांचे आजोबा बार्बाडोसचे. पनामा कालव्याच्या कामावर मिळालेला पितळी बिल्ला, नंबर ठोकलेला, त्या टेबलाच्या खणात जपून ठेवायच्या. एकदा माझ्या हातात दिला होता. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

रानवारा
वाटलंच. मग थोडं सविस्तर लिहितो, कारण उत्तराचा मोठा भाग त्या बिल्ल्यात आहे.

पनामा कालव्याचं काम अमेरिकेने 1904 मध्ये हाती घेतलं आणि 1914 मध्ये कालवा सुरू झाला. मजूर आणले ते बरेचसे कॅरिबियन बेटांवरून, एकट्या बार्बाडोसमधून वीस हजारांच्या आसपास. मजुरी ताशी 10 सेंट, दिवसाचे दहा तास. पगारपत्रकं दोन. 'गोल्ड रोल' मुख्यतः गोऱ्या अमेरिकनांसाठी आणि 'सिल्व्हर रोल' या मजुरांसाठी. पगाराची खिडकी वेगळी, दुकान वेगळं, शाळा वेगळी, पाणी प्यायचा नळसुद्धा वेगळा. हे आपल्याला निराळं समजावून सांगायला नको, पाणवठ्यावरून माणसाची पायरी ठरवणं आपल्याकडेही होतंच.

कालवा झाल्यावर हजारो लोक तिथेच राहिले. त्यांची मुलं इंग्रजी शाळांत शिकली, अमेरिकन पद्धतीच्या कचेऱ्यांत आणि इस्पितळांत कामाला लागली. 1941 मध्ये पनामाच्या नव्या राज्यघटनेने त्यांच्यातल्या अनेकांचं नागरिकत्वच काढून घेतलं, ते 1946 मध्ये परत मिळालं. आपण नक्की कुठले, हा प्रश्न त्यांच्यापुढे पिढ्यान् पिढ्या होता.

आता खरी मेख. 1924 च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने युरोपीय देशांना कोटा लावला, आशियाला तर जवळजवळ दार बंदच केलं. पण मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या स्वतंत्र देशांत जन्मलेल्यांना कोटा नव्हता, आणि 'कॅनाल झोन', म्हणजे कालव्याकाठचा अमेरिकेच्या ताब्यातला पट्टा, हे नाव कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. बार्बाडोस मात्र ब्रिटिश वसाहत. 1952 नंतर अशा वसाहतीच्या वाट्याला वर्षाला फक्त 100 जागा. म्हणजे आजोबा बार्बाडोसलाच राहिले असते तर नात रांगेत उभी राहिली असती. ते कालव्यावर राबले म्हणून नातीला सरळ ब्रुकलिन गाठता आलं. इंग्रजी येतंय, काम येतंय, कागद हातात आहेत. अशी मुलगी नर्स झाली, सरकारी नोकरीत गेली, कामगार संघटनेची सभासद झाली.

केनेथ क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ याच पट्ट्यात 1914 मध्ये जन्मले. आई त्यांना घेऊन हार्लेमला आली आणि कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करून तिने त्यांना वाढवलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मॅमी क्लार्क यांनी बाहुल्यांचे जे प्रयोग केले, त्यांचा आधार शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राउन खटल्याच्या निकालात घेतला गेला.

टेक्सासची_सून
रानवारा, माहिती सुंदर आहे, पण सगळ्या पनामाला बार्बाडोसचं करू नका. माझ्या इथल्या मैत्रिणी स्पॅनिशच बोलतात, आडनावं स्पॅनिश, आणि इंग्रजी त्यांना इथे येऊन शिकावं लागलं. ब्रुकलिनचा पनामा आणि टेक्सासचा पनामा वेगळा आहे.

रानवारा
मान्य. मी ब्रुकलिनपुरतंच बोलत होतो, ते आधीच लिहायला हवं होतं. पण दोन्ही वाटा अमेरिकन सरकारच्या अंगणातून गेल्या, एक कालव्यावरून आणि एक छावणीतून. ब्राझिलियन माणसाला तसं अंगण नव्हतं.

गोमंतक_मोगरा
अवांतर आहे, पण राहवत नाही. आम्ही न्यू जर्सीला, नेवार्कच्या आयर्नबाउंड या पोर्तुगीज-ब्राझिलियन वस्तीपासून जवळ. आई गोव्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. साफसफाईला ब्राझीलच्या ताई यायच्या. एक दिवस मी ऑफिसात, घरी दोघीच. आईने सवयीने कोकणीत सांगितलं, "चावी मेजार दवर." ताईंनी चावी उचलली आणि मेजावर ठेवली! दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग संध्याकाळपर्यंत खेळच सुरू: बालदी, बटाटा, पाव, पेर. पेराला मात्र नाशपती निघाली. शेवटी आई म्हणाली "पगार" आणि ताई इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्या. आमचा पगारही पोर्तुगीजांकडूनच आलेला.

जाताना आईने त्यांना कोकमं दिली. पुढच्या वेळी त्या चीजचे छोटे पाव घेऊन आल्या, आईने आल्याच्या चहाबरोबर खाल्ले.

पणती
मोगरा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजपासून मी पण "चावी" म्हणून बघणार आमच्याकडे.

दुर्वा
मी मॅसॅच्युसेट्समध्येच आहे, आमच्याकडे गेली नऊ वर्षं एकच ब्राझिलियन बाई येतात. आता मैत्रीणच म्हणा. त्यांच्याकडून जे कळलं ते लिहिते, कारण ब्राझिलियन लोकांचा पैसा नेमका कुठे असतो ते बाहेरून दिसत नाही.

या धंद्यात दोन प्रकार. एक 'हेल्पर', म्हणजे दुसरीच्या हाताखाली रोजावर जाणारी. दुसरी 'स्केज्युल'ची मालकीण. स्केज्युल म्हणजे ठरलेली घरं. आमच्या बाईंची एक जाडजूड स्पायरल वही आहे. प्रत्येक वाराचं पान वेगळं. कोणतं घर दर आठवड्याला, कोणतं आठवड्याआड, अलार्मचा कोड काय, कुत्रं बांधतात की मोकळं असतं, कोणाला ब्लीचचा वास चालत नाही. आणि ही घरं विकता येतात! गावी परतायचं असेल, पाठ धरली असेल तर मालकीण आपली घरं दुसरीला विकते. घरांच्या काही महिन्यांच्या कमाईइतकी किंमत येते. विकणारी सुरुवातीला नवीन बाईला बरोबर नेते, घरवाल्यांशी ओळख करून देते, किल्ल्या हवाली करते.

कुठल्या पाहणीत ही वही मालमत्ता म्हणून धरतील? बँक त्यावर कर्ज देत नाही, कोर्टात हक्क सांगता येत नाही. सगळा व्यवहार विश्वासावर. त्यांच्या बहिणीने अशीच घरं विकत घेतली आणि महिन्याभरात निम्म्या घरवाल्यांनी "नको आता" म्हणून सांगितलं. पैसे गेले ते गेलेच.

नवऱ्याचंही तसंच. एका ठेकेदाराने तीन आठवड्यांची मजुरी बुडवली. कायद्याने मजुरी मागता येते, कागद असोत वा नसोत. पण तक्रार करायला कचेरीत जायचं म्हणजे नाव-पत्ता द्यायचा, तेवढी हिंमत झाली नाही.

सरळमार्गी
माझं मत थोडं कडू वाटेल. आपण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे राहतो, प्रत्येक कागद सांभाळतो. व्हिसा संपल्यावर राहिलं किंवा मेक्सिकोमार्गे आलं तर असुरक्षितता येणारच. त्याला आर्थिक मागासलेपण का म्हणावं?

दुर्वा
सरळमार्गी, रांगेचा त्रास मलाही झाला आहे, म्हणून तुमचं दुःख कळतं. पण रांग आपल्याला मिळाली तरी. घरं साफ करणाऱ्या किंवा रंगाऱ्याच्या कामासाठी तशी रांगच जवळजवळ नाही. आणि कामाची गरज तर आपल्याच घरांना आहे.

आमच्या बाईंच्या घरातलं सांगते. दोघे भाऊ. अमेरिकेत एक तरतूद होती, 30 एप्रिल 2001 पर्यंत ज्यांच्यासाठी अर्ज दाखल झाला त्यांना दंड भरून इथेच राहून ग्रीन कार्डाकडे जाता येत होतं. थोरल्याचा अर्ज त्याच्या मालकाने वेळेत भरला. धाकटा त्याच वर्षी उन्हाळ्यात आला. आज थोरल्याची स्वतःची रंगकामाची कंपनी आहे, धाकटा त्याच्याकडे रोजावर. हात तेच, ब्रश तोच. आई वारली तेव्हा थोरला विमानाने गेला. धाकट्याने फोनच्या पडद्यावर अंत्यसंस्कार पाहिला, कारण बाहेर पाऊल टाकलं की दहा वर्षं परत येता येत नाही.

सरळमार्गी
ही तारखेची गोष्ट मला माहीत नव्हती. विचार करतो.

आजोबा_नागपूर
मुलाकडे येणं-जाणं असतं म्हणून धागा वाचतोय. एक शंका. आपल्याकडे भिशी असते तसं यांच्याकडे काही?

मीठभाकर
आजोबा, अहो तेच! घरमालकीणबाईंच्या आईने ब्रुकलिनचं घर घेतलं ते भिशीच्याच जोरावर. कॅरिबियन लोकांत तिला कुठे 'सुसू' म्हणतात, कुठे 'पार्टनर'. दर आठवड्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. कृष्णवर्णीय वस्त्यांत बँका घरकर्ज द्यायला नकार द्यायच्या त्या काळात सुरुवातीची रक्कम याच मार्गाने उभी राहिली. त्या म्हणायच्या, आईचा 'हात', म्हणजे उचलायची पाळी, आला त्या रात्री ती नोटा उशाखाली घेऊन झोपली होती.

हिशेबनीस
ब्राझीलमध्ये 'कॉन्सॉर्सिओ' असतो, भिशीचाच कायदेशीर, मोठा भाऊ. लोक त्यातून गाड्या आणि घरं घेतात. पण विश्वासावर चालणाऱ्या पैशाला दुसरी बाजूही आहे. टेलेक्सफ्री ही साखळी योजना मॅसॅच्युसेट्समधल्या मार्लबरोहून चालायची, तुमच्या फ्रेमिंगहॅमपासून फार लांब नाही. 2014 मध्ये कोसळली. ब्राझिलियन आणि डॉमिनिकन लोक मोठ्या संख्येने पोळले. चर्चमधल्या ओळखीचा माणूस सांगतोय म्हटल्यावर लोक पैसे घालतात.

आता चलनाबद्दल, कारण तुलनेत हे कोणी बघतच नाही. पनामात 1904 पासून डॉलरच चालतो, तिथलं स्वतःचं चलन बाल्बोआ नावाला. ब्रुकलिनहून पाठवलेले 100 डॉलर तिथे 100 च. ब्राझिलियन माणसाचं तसं नाही. 1980 च्या दशकातली भयंकर महागाई, मग 1990 मध्ये सरकारने लोकांच्या बँकेतल्या ठेवीच गोठवल्या. तिथल्या मिनास जेराइस राज्यातलं गोवर्नादोर वालादारेस हे गाव याच काळात अमेरिकेकडे रिकामं होत गेलं. त्या गावाचा धागा जुना आहे, दुसऱ्या महायुद्धात तिथल्या अभ्रकासाठी अमेरिकन आले होते. आता त्याला गमतीने 'वालादोलारेस' म्हणतात, इतकं ते डॉलरवर चालतं.

2011 मध्ये एका डॉलरला ब्राझीलचे साधारण 1.6 रेआल मिळायचे. 2020 मध्ये पाचाच्या वर. 2008 च्या मंदीत इथलं काम गेलं आणि तिकडे रेआल वधारलेला, तेव्हा कित्येक जण सगळं आवरून परत गेले. ज्यांनी 2011 ला घर बांधलं त्यांना ते महाग पडलं, 2020 ला बांधणाऱ्याच्या हातात तेवढ्याच डॉलरात तिप्पट रेआल. कष्ट सारखेच, साल वेगळं.

शून्यप्रहर
माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. तुलना करण्यासारखं बरंच आहे. म्हातारपणाचं काय? ब्राझिलियन लोकांना इथली पेन्शन मिळते?

हिशेबनीस
कामाची परवानगी आणि सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर मिळते. शिवाय अमेरिका आणि ब्राझील यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू. दोन्ही देशांतली वर्षं जोडून पात्रता धरता येते. भारताचा अमेरिकेशी असा करार नाही, म्हणून दहा वर्षं भरायच्या आत परत जाणाऱ्या आपल्या पोरांचे पैसे इथेच राहतात. कागद नसलेला माणूस मात्र कर भरूनही पेन्शनला मुकतो.

मीठभाकर
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्यावरचं बरंचसं मी मुलीला वाचून दाखवलं. तिने एक चांगलं केलं. दोघींना एकच प्रश्न विचारला: "उद्यापासून काम बंद झालं तर घर किती महिने चालेल?"

घरमालकीणबाईंना फोन केला. त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाल्या, काम तर कधीच बंद झालंय, घर चालूच आहे. मग म्हणाल्या, मालमत्ता कर वाढलाय, रोज कोणीतरी घर विकता का म्हणून चिठ्ठी टाकून जातं, आणि फ्रँकलिन अव्हेन्यूवर त्यांच्या ओळखीचं आता कोणी उरलं नाही. ऑक्टोबरच्या पनामा मिरवणुकीला बाकीचे फ्लोरिडा-जॉर्जियातून येतात, तेवढ्यापुरत्या भेटी.

खालच्या ताईंनी बोटांवर हिशेब केला. साठवलेले दोन महिने. नवऱ्याचं काम चालू राहिलं तर चार. वही विकली तर आणखी काही. गावच्या घराचं भाडं धरायचं की नाही यावर नवरा-बायकोचा वाद झाला, कारण त्यात सासूबाई राहतात. आणि एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. 1 जुलै 2023 पासून मॅसॅच्युसेट्समध्ये कागद नसलेल्यांनाही वाहन परवाना मिळू लागला, त्यांनी पहिल्याच महिन्यात काढला. त्याआधीची नऊ वर्षं मागे पोलिसाची गाडी दिसली की स्टिअरिंगवरचे हात ओले व्हायचे. आमच्या डोक्यावर राहणाऱ्या बाईने हे नऊ वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं... म्हणजे आमच्या पायाखाली, घाईत उलटं लिहिलं गेलं.

तर माझं मूळ मत, पनामाच्या बाई जास्त सुस्थितीत, ते तसंच आहे. पण मी ते त्यांच्या स्वभावाच्या खात्यावर टाकत होते, ते चुकीचं होतं.

जाता जाता एक काम. मनगट अजून पुरतं बरं झालेलं नाही, म्हणून ताई गुरुवारची घरं विकायच्या विचारात आहेत. चार घरं आहेत. दुर्वा, तुमच्या बाईंच्या ओळखीत कोणी आहे का?

दुर्वा
आहे, त्यांची भाची. तीन वर्षं हेल्पर म्हणून काम करतेय, स्वतःचं सुरू करायचंय. घरं कुठल्या भागात? कुत्री आहेत का? तिला भीती वाटते.

मीठभाकर
दोन नेटिकला, दोन वेलँडला. एकाच घरी कुत्रा आहे, म्हातारा आहे, दिवसभर झोपून असतो. व्यक्तिगत निरोप पाठवते.